परवानगीचा नारळ

धुळ्यात खोली शोधत मी पहिल्यांदा रामदासनानांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा आत शिवणयंत्राची तीन पायडलं ओळीने मांडलेली दिसली. शिवणयंत्र मात्र एकही नव्हतं. मी टेलर. चिपळूणकडून सातवीत शाळा सोडून निघालो आणि कापडाच्या मागे मागे इथवर आलो. परक्या गावात आपल्या धंद्याची खूण दिसली की माणसाला रडू येतं. मला वाटलं, घर आपल्यातलं आहे. मी हात जोडून म्हणालो, "मशिनी दुरुस्तीला गेल्या वाटतं?"

नाना बाजेवर बसून सायकलच्या ब्रेकची वायर ताणत होते. मान वर न करता म्हणाले, "मशिनी कुठल्या? ही गिटार आहे."

मी एक पाऊल मागे घेतलं. भाडं विचारायचं तसंच राहिलं.

गिटार खरोखरच होती. नाना गिरणीतले निवृत्त फिटर, आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात स्टील गिटार वाजवायचे. म्हणजे गळ्यात अडकवायची गिटार नव्हे. ही पाटासारखी आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. सूर रडतो, हसतो, मध्येच जिन्यावरून घसरतो. परदेशातल्या कुठल्याशा मासिकात नानांनी अशा गिटारीला पायडलं जोडलेला फोटो पाहिला होता. पायाने दाबलं की वाजत असलेली तारच ताणली जाते. फोटोवरून नानांनी ती बनवली. भंगारातली शिवणयंत्रांची पायडलं, सायकलच्या वायरी, आणि गिरणीत वापरतात तसल्या स्प्रिंगा. पाय हलले की सगळं घर कुरकुरायचं.

खोली मला मिळाली. जेवण खोलीबरोबर आलं, त्याची बोली कधी झालीच नाही. मासे नसलेल्या जगात माणूस जगतो हे मला अक्कांच्या भरताने आणि शेवभाजीने शिकवलं. नानांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही. मला सदैव धास्ती की आज ना उद्या हे लोक मला काढतील, त्यामुळे मी कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायचो नाही. नानांना ते लगेच कळलं. गिटारीचं एक टोक ते धरायचे, दुसरं टोक धरायला भाडेकरू होताच.

मग नानांच्या भाच्याने मस्कतहून ती पेटी पाठवली.

पेटी म्हणजे डब्याएवढं काळं यंत्र, त्यावर लाल आकडे, आणि सोबत गिटारीच्या तारांखाली बसवायची एक बारीक पट्टी. नाना म्हणाले, "मास्तर, ही मिडी."

मी आयुष्यात शेकडो मिड्या शिवल्या होत्या. गुडघ्याखाली चार बोटं, कमरेला इलॅस्टिक. मी पेटीला फिरून फिरून पाहिलं.

नानांनी समजावलं ते असं. तार छेडली की पट्टी पेटीला कळवते, अमुक सूर, एवढ्या जोराने. आवाज कोणाचा काढायचा ते पेटी ठरवते. पेटीच्या पोटात शंभरावर वाद्यं. आकडा लावा, तार छेडा. बासरी हवी, बासरी. व्हायोलिन हवं, व्हायोलिन.

"मग कीबोर्ड काय वाईट?" मी विचारलं. ऑर्केस्ट्राचे मालक प्रकाशशेठ यांच्याकडे कीबोर्ड होताच.

नानांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "कीबोर्डला ही पट्टी आहे, ती पट्टी आहे. मधलं कुठंय?"

हे त्यांचं नेहमीचं. सा आणि रे यांच्यामधली जी वाट, ती म्हणजे मधलं, आणि ती फक्त कांडीला ठाऊक. पुढे पुढे नाना जगातली प्रत्येक गोष्ट या मापाने मोजू लागले. सरकारी दवाखाना: "डॉक्टर आहे, पेशंट आहे, मधलं कुठंय?" पुढाऱ्याचं भाषण: "हा निवडून आला, आपण मत दिलं. मधलं?" एकदा मी शिवलेल्या सफारीला हात लावून म्हणाले, "बाही आहे, खांदा आहे." पुढचं बोलले नाहीत. मी रात्री ती बाही उसवली.

पेटीने सुरुवातीला नानांना फार छळलं. कांडी घसरवावी मऊपणे, आणि आतून बासरी बाहेर यावी पायरी-पायरीने, दमेकऱ्यासारखी. ते कसंबसं सुटलं, तर पायडलाचा घोळ. तीन तारा एकत्र छेडायच्या आणि पायडलाने त्यातली एकच वर उचलायची, हीच तर त्या गिटारीची गंमत. पण एक उचलली की पेटी तिघींना उचलायची. पंगतीत एकजण उठला म्हणून सगळ्यांनी खरकट्या हाताने उठावं तसं. पंधरा दिवस नानांनी भाकरी कोरडी खाल्ली. कशाबरोबर खातोय इकडे लक्षच नव्हतं. शेवटी बटणं दाबता दाबता त्यांना सापडलं की प्रत्येक तारेला पेटीत वेगळी जागा देता येते. ते ओरडतच ओट्यावर आले, "सहा तारा, सहा खोल्या! एकीने फोडणी दिली तर दुसरीने खोकायचं कारण नाही!"

अक्का आतून म्हणाल्या, "आमले दोन खोल्या, अन् तारंसले सहा."

आणखी एक खोड उरलीच. जाड तारेचा सूर ओळखायला पेटीला वेळ लागायचा, त्यामुळे तो किंचित उशिरा यायचा. यावर उपाय एकच, नानांनी किंचित आधी वाजवायचं. ती सवय हाडात शिरली. चहाची तलफ यायच्या आधीच ते चहा मागायचे. समोरचा विनोद सांगत असताना हसून मोकळे व्हायचे. प्रकाशशेठ तोंड उघडायचे आणि नाना म्हणायचे, "हो."

एवढं सगळं झाल्यावर कोणीही माणूस वाजवायला बसला असता. नाना बसले नाहीत. त्यांनी नारळ आणले.

त्यांचं म्हणणं, दुसऱ्याचं वाद्य आपण परस्पर कसं वाजवायचं? ज्याचा आवाज काढायचा, त्या वाद्याच्या माणसाकडे नारळ, टोपी, टॉवेल घेऊन जायचं आणि परवानगी मागायची. मग तो आकडा पेटीवर लावायचा, तोवर नाही. आमच्या गल्लीत यावर फार हसले. नाना हसले नाहीत, टॉवेल निवडत बसले. कापडातलं मला कळतं म्हणून मलाही नेलं.

बासरीसाठी आम्ही बाजारात फुगे आणि बासऱ्या विकणाऱ्याकडे गेलो. त्याने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि विचारलं, "घ्यायची किती?" व्हायोलिनसाठी शाळेतल्या संगीताच्या सरांकडे गेलो. त्यांनी शिकवणीला बसायचं तर अर्ज आणा म्हणून सांगितलं, वर्ग आधीच मुलांनी भरलेला होता. पियानो धुळ्यात कोणाकडे असणार? मिशनच्या शाळेतल्या बाईंना टोपी देताना नाना फार गोंधळले. बाईंनी ती हसून घेतली आणि आम्हाला केक खायला घातला. बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याने मात्र नारळ हातात तोलत विचारलं, "तुमच्या डब्यातून माझा बाजा निघाला, तर मला लग्नात कोण बोलावणार?" ट्रम्पेटचा आकडा नानांनी कधी लावला नाही.

राहिली शहनाई.

शहनाईसाठी शिंदखेड्याला सनईवाल्या दगडूआबांकडे जायचं होतं. नाना दर सोमवारी नारळ घेऊन एसटीत बसायचे आणि संध्याकाळी नारळ घेऊनच परत यायचे. "भेटले नाहीत," एवढंच म्हणायचे. अक्का नारळ फोडायच्या. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे खोबऱ्याची चटणी फार झाली.

इकडे प्रकाशशेठला शहनाईची घाई. त्यांनी लग्नांची कामं घेताना बेधडक सांगून टाकलं होतं, आमच्याकडे गिटारवर शहनाई वाजते, असं जिल्ह्यात दुसरीकडे नाही. भडगावकडचं एक बडं लग्न तर त्याच बोलीवर मिळालं होतं.

त्या लग्नाला मी होतो. नवरदेवाचा कोट माझा होता, आणि गिटारीचं दुसरं टोकही. मे महिना. कडुलिंबाच्या झाडांना कर्णे बांधलेले. मुहूर्त टळून गेलेला, कारण मोठे पुढारी यायचे होते, आणि ते हेलिकॉप्टरने येणार असं वधुपित्याने अख्ख्या तालुक्याला सांगितलं होतं. शाळेच्या मैदानात चुन्याचा गोल आखला होता. बोहल्यावर नवरा-नवरी घामाने निथळत उभे. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात इतके भरून आले होते की नवरीला नवऱ्याचं अर्धं डोकं दिसत होतं. भटजी घटकेघटकेला घड्याळ पाहायचे आणि वधुपिता म्हणायचा, "पाच मिनिटं. निघाले आहेत."

नाना बासरी वाजवून लोकांना धरून होते. प्रकाशशेठ मागून आले. "नाना, शहनाई."

"हो," नाना शब्द कानावर पडायच्या आधीच बोलून गेले आणि पांढरे पडले.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नानांचे दोन्ही हात तारांवर, दोन्ही पाय पायडलांवर, म्हणून पेटीवरचा आकडा ते नाकाने बदलायचे. पेटी त्यासाठी बरोब्बर नाकासमोर स्टँडवर बसवलेली होती. बटण दाबून धरलं की आकडे पळत सुटायचे. लोक ते बघायलाच स्टेजजवळ येत. नाना वाकले. नाक बटणावर टेकलं. आकडे पळू लागले. शहनाईचा आकडा आला, आणि गेला.

त्या पेटीत सगळ्यात शेवटी जे आवाज होते ते वाद्यांचे नव्हतेच. आम्ही उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवतो, तसे कारखान्याने उरलेल्या जागेत काहीबाही भरले होते. नानांनी नाक उचललं, तार छेडली, आणि कडुलिंबावरच्या सगळ्या कर्ण्यांतून हेलिकॉप्टर आलं.

"आले! साहेब आले!"

मांडव एका दमात रिकामा झाला. वधुपिता हार घेऊन, वरपिता फेटा सावरत, मागे बँड, त्यामागे पोरं, सगळे मैदानाकडे. पंगतीत बसलेलेही उठले. नाना घाबरून पुन्हा वाकले, आकडा एकाने पुढे सरकला, आणि कर्ण्यांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. धावणाऱ्यांना वाटलं, साहेब उतरले. ते आणखी जोरात धावले. नाना तिसऱ्यांदा वाकले आणि बंदुकीची गोळी सुटली. बंदोबस्ताचे हवालदार जिलेबीच्या टेबलाखाली गेले.

बोहल्यावर उरले नवरा-नवरी, अंतरपाटवाले दोघे, एक बहिरी मावशी आणि भटजी. भटजींनी इकडे तिकडे पाहिलं आणि संधी साधली. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं इतक्या वेगाने उरकलं की अक्षता पडल्यावर मावशीने विचारलं, "सुरू झालं का?"

पुढारी तासाभराने मोटारीने आले. फाटकावर हार घालायला चिटपाखरू नव्हतं, सारा गाव मैदानात आभाळाकडे तोंड करून उभा होता. ते गाडीत बसूनच परत गेले.

प्रकाशशेठने टेम्पोत सामान चढवतानाच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. नाना शांतपणे म्हणाले, "हेलिकॉप्टरची परवानगी घेतली नव्हती ना, शेठ." त्या दिवशी नानांचे आभार मानणारा एकच माणूस निघाला, भटजी. त्यांना पुढे आणखी दोन लग्नं लावायची होती.

परतीच्या वाटेवर मी भीत भीत विचारलं, "नाना, नाक घसरलं का हो?"

"घाम," ते म्हणाले.

पण मी शेजारीच उभा होतो. शहनाईचा आकडा आला तेव्हा नानांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि नाक बटणावर तसंच दाबून ठेवलं होतं.

घरी अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. नाना पाय धुवायला गेल्यावर मला म्हणाल्या, "मास्तर, दगडूआबा अन् हे वीस वरीस संगे वाजवत होते. त्यांची सनई, यांची गिटार. शेठनं कीबोर्ड आणला अन् आबांना काढलं. हे राहिले." मग मोरीकडे तोंड करून मोठ्याने, "साऱ्या गावले नारळ वाटत फिरना. ज्याले देवाना व्हता, त्याना दारले हात लावानी हिंमत नही!"

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुगेवाला, सर, मिशनच्या बाई, हे सगळे टॉवेल उगाच गेले होते. एकट्या आबांकडे जायला तोंड नव्हतं. सगळ्यांकडेच जायची रीत पाडली की त्यात आबांचंही घर येतं, असा नानांचा हिशोब. आणि रीत पाडूनही ते त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून परत येत होते.

दुसऱ्या दिवशी गिटार, पेटी, पायडलं, सगळं एसटीच्या टपावर चढलं. दुसरं टोक माझ्याकडे.

शिंदखेड्यात आबा घराबाहेरच बाजेवर बसले होते. काटकुळे, तोंडात एकही दात नाही, गाल आत गेलेले. खुंटीला खोळ घातलेली सनई टांगलेली. दात नसले की तिची फुंकायची पत्ती ओठात धरता येत नाही, हे मला त्यांच्या सुनेने पाणी देताना सांगितलं. तीन वर्षं सनई खाली उतरली नव्हती. खोळ मात्र धुतलेली होती.

"कोन शे?"

"मी. रामदास."

"ऑर्केस्ट्रावाला?"

"काढलं मला. काल."

"बरं झालं." आबांनी तंबाखू मळली. बराच वेळ मळली. "मले काढं तवय तू स्टेजवरच व्हतास. वाजाडत व्हतास."

"हो," नाना म्हणाले. या वेळी आधी नाही, नंतर. खूप नंतर.

मग त्यांनी नारळ पुढे ठेवला आणि कशासाठी आलो ते सांगितलं. आबांनी नारळाकडे पाहिलं नाही, पायडलांकडे पाहिलं. "हाई काय शे? कपडा शिवस का गाणं?"

"दाखव तरी," असं आबा म्हणाले नाहीत, पण सुनेला म्हणाले, "त्या बटणमा वायर लाव." आम्ही मांडलं. नाना वाकले, नाक टेकलं. आबा पुढे सरकून ते पाहत राहिले. या वेळी आकडे नेमके थांबले. कांडी सरकली आणि त्या ओट्यावर शहनाई वाजली. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. शेजारचे दारात आले. नानांनी लग्नातली जुनी सुरावट घेतली, लांब, लांब, पायडलाने सूर अलगद उचलला, मधलं सगळं मधल्या जागी.

आबांनी हात वर केला. नाना थांबले.

"हाऊ दमच लेत नही," आबा म्हणाले. "मरी जाई ना हाऊ."

शेजारी हसले. नाना हसले नाहीत. ते पेटीकडे असे पाहू लागले, जणू आत खरंच कोणी घुसमटतंय.

"पुन्हा वाजाड." आबा बाजेवरून उठले, नानांच्या मागे उभे राहिले आणि त्यांचं कांडीचं मनगट धरलं. सुरावट सुरू झाली. मध्येच आबांनी मनगट उचललं. "आठे दम ले." क्षणभर शांतता. परत खाली. "आठे. आते आठे." जिथे जिथे मनगट उचललं जाई, तिथे आबा स्वतः श्वास घेत, तोंड उघडून, भरभरून. थोड्या वेळाने नानाही तिथेच घेऊ लागले. वाजवणारा एक, दम घेणारे दोन. मी आयुष्यात पुष्कळ जोडकाम केलं आहे. असा सांधा माझ्या हातून उतरला नाही.

दुपार गेली. एसटीची वेळ झाली. नानांनी वायरी गुंडाळल्या, नारळ पुन्हा आबांसमोर सरकवला आणि हात जोडले. "मग, आबा, परवानगी?"

"नही."

नाना तसेच उभे. मी दुसरं टोक धरून तसाच.

आबा भिंतीकडे पाहत म्हणाले, "आज हो म्हनी दिधं, ते परत कसाले येशी तू?" मग खेकसले, "येत्या सोमवारले ये. तवय इचार. दम अजून कच्चा शे."

नारळ त्यांनी ठेवून घेतला.

रात्री घरी पोचलो. अक्का दारातच होत्या. "काय म्हणे?"

"नाही म्हणाला," नाना म्हणाले आणि जेवायला बसले. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मी धुळ्यात होतो तोवर दगडूआबांनी दर सोमवारी नानांना परवानगी नाकारली. कधी दम कच्चा, कधी पायडल कुरकुरतं, कधी टॉवेलचा रंगच आवडला नाही. ऑर्केस्ट्रावाले दोन-तीन जण नानांना बोलवायला आले, शहनाई वाजवाल तर चला म्हणाले. नाना त्यांना सांगायचे, अजून परवानगी नाही. एकदा पावसाने वाट बंद होती आणि सोमवार चुकला. मंगळवारी सकाळी शिंदखेड्याहून येणाऱ्या दूधवाल्याकडून निरोप आला. आबांनी विचारलं होतं, कालचा नकार घ्यायला का नाही आला?